डॉक्टरांचे शोधनिबंध, सायटेशन आणि एच-इंडेक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हल्ली पुस्तकांपेक्षा आकड्यांची चौकशी जास्त होते. प्रमोशनचा फॉर्म भरणारे प्राध्यापक, थीसिसचा पेपर कुठे पाठवावा या चिंतेतले पीजी, कधी एखादा पत्रकार. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. लिहिणारा ग्रंथपाल आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे औषधोपचाराबद्दल इथे जे येईल ते फक्त उदाहरणापुरतं.

सायटेशन म्हणजे नेमकं काय?

दुसऱ्या कुणी आपल्या पेपरच्या शेवटच्या संदर्भसूचीत तुमचा पेपर घेतला, की तुमच्या नावावर एक सायटेशन लागतं. बस, इतकंच. त्यानं तो पेपर वाचला का, त्याला तो पटला का, की खोडून काढण्यासाठी घेतला, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं.

ही मोजणी सुरू झाली ती माणसांना गुण द्यायला नव्हे. युजीन गारफिल्ड यांनी 1955 मध्ये ‘सायन्स’मध्ये कल्पना मांडली आणि 1964 पासून फिलाडेल्फियातल्या त्यांच्या संस्थेनं सायन्स सायटेशन इंडेक्स नियमित काढायला सुरुवात केली. एखादा जुना पेपर हाती आला, तर पुढे त्यावर कोण काय म्हणालं हे सापडावं, एवढा साधा हेतू. शोधायचं ते साधन होतं. नेमणुका, बढत्या आणि पुरस्कार त्यावर टांगायला लोकांनी नंतर सुरुवात केली.

एच-इंडेक्स कसा काढतात?

तुमचे पेपर जास्त सायटेशनपासून कमीकडे असे एकाखाली एक लिहा. समजा पाच पेपर आहेत आणि त्यांना अनुक्रमे 40, 18, 6, 5 आणि 1 सायटेशन आहेत. चौथ्या क्रमांकाच्या पेपरला किमान चार सायटेशन आहेत, पाचव्याला मात्र पाच नाहीत. म्हणून एच-इंडेक्स 4, म्हणजे किमान चार सायटेशन असलेले चार पेपर. सॅन दिएगोचे भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी 2005 मध्ये हे सुचवलं.

या आकड्याच्या दोन खोडी लक्षात ठेवा. एक, तो सहसा खाली येत नाही. माणूस निवृत्त झाला तरी जुने पेपर उल्लेखले जातात आणि इंडेक्स वाढत राहतो, त्यामुळे त्यात कामापेक्षा वय जास्त दिसतं. तिशीतल्या सहायक प्राध्यापकाची तुलना विभागप्रमुखांशी करणारा तक्ता मी बघतो तेव्हा कपाळावर हात मारावासा वाटतो. दुसरी खोड म्हणजे, एकच पेपर लिहून तो हजार वेळा उल्लेखला गेला तरी एच-इंडेक्स एकच.

गुगल स्कॉलर 31 दाखवतं, स्कोपस 18. खरा आकडा कोणता?

दोन्ही खरे. मोजायची परडी वेगळी आहे. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सायटेशन मोजणाऱ्या सूची निवडक जर्नल्सच धरतात. पहिलं एल्सव्हियरचं, दुसरं क्लॅरिव्हेटचं, आणि दोन्हीला संस्थेची वर्गणी लागते. गुगल स्कॉलर फुकट आहे आणि ते जालावर जे विद्वत्तेसारखं दिसेल ते उचलतं: प्रबंध, परिषदेचे गोषवारे, प्रीप्रिंट (परीक्षणाआधीच टाकलेले मसुदे), कुणाच्या विभागाच्या संकेतस्थळावरची पीडीएफ. त्यामुळे तिथला आकडा जवळपास नेहमीच मोठा असतो.

त्याला फसवणंही सोपं. फ्रान्समधले संगणकशास्त्रज्ञ सिरिल लाबे यांनी 2010 मध्ये आइक अँटकारे नावाचा अस्तित्वातच नसलेला शास्त्रज्ञ तयार केला, संगणकाकडून निरर्थक पेपर लिहून घेतले, ते एकमेकांचे उल्लेख करतील अशी सोय केली आणि त्या काल्पनिक माणसाचा एच-इंडेक्स 94 वर नेऊन ठेवला. 2024 मध्ये दोघा संशोधकांनी अशाच युक्तीनं लॅरी नावाच्या खऱ्याखुऱ्या मांजराला भरपूर सायटेशन मिळवून दिली.

बायोडेटात आकडा लिहाल तेव्हा शेजारी स्रोत आणि तारीख लिहा. ‘एच-इंडेक्स 18, स्कोपस’ आणि पुढे महिना-वर्ष. निवड समितीत कुणी जाणकार असेल तर स्रोत न लिहिलेल्या आकड्याला तो किंमत देत नाही.

माझ्या पेपरला 60 सायटेशन आहेत. चांगली म्हणायची की कमी?

कोणत्या विषयात, किती वर्षांत आणि कोणत्या प्रकारच्या लेखाला, हे कळल्याशिवाय सांगता येत नाही. कर्करोग किंवा हृदयविकारावर जगभर हजारो लोक रोज लिहितात, तिथे बऱ्यापैकी पेपरलाही सायटेशन पटापट मिळतात. शरीररचनाशास्त्र किंवा न्यायवैद्यकात 60 ही अभिमानानं सांगायची संख्या ठरू शकते.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. डॉ. हिम्मतराव बावसकर 1970 च्या दशकात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेली माणसं, त्यातही मुलं, डोळ्यांदेखत जात होती. विषामुळे स्वायत्त मज्जासंस्थेत वादळ उठतं, रक्तदाब वर जातो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून ही लक्षणं नोंदवली आणि 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एकट्याच्या नावानं छापली. पुढे रक्तदाबाचं प्राझोसिन हे स्वस्त औषध या वादळाच्या नेमक्या मुळावर काम करतं, हे त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावसकर यांनी दाखवलं. 1986 चा ‘लॅन्सेट’मधला त्यांचा मजकूर म्हणजे पान-दीड पानाचं पत्र आहे. प्राझोसिन येण्याआधी गंभीर रुग्णांतले जवळपास 30 टक्के दगावत, नंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं, असं त्यांनी पुढच्या लेखांत नोंदवलं आहे. 2011 मध्ये ‘बीएमजे’त 70 रुग्णांवरची चाचणी आली: नुसतं प्राझोसिन विरुद्ध प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही. दोन्ही दिलेले रुग्ण लवकर सावरले.

आता या कामाची सायटेशन कोण देणार? विंचूदंश हा उष्ण प्रदेशातल्या गरीब, शेतात काम करणाऱ्या माणसांचा आजार. बोस्टन किंवा लंडनमध्ये त्यावर चालणाऱ्या प्रयोगशाळा कितीशा असणार! भारत, इराण, तुर्कस्तान, उत्तर आफ्रिका, ब्राझील, मेक्सिको अशा ठिकाणचे मोजके गटच यावर लिहितात. जे डॉक्टर रात्री दोन वाजता प्राझोसिनची गोळी देतात ते पेपर लिहीत नाहीत, त्यामुळे त्यांनी तो लेख वापरल्याची नोंद कुठेच होत नाही. सायटेशन फक्त लिहिणाऱ्यांची मतं मोजतं. वापरणाऱ्यांना तिथे मतदानाचा हक्क नाही.

म्हणून तुलना करायचीच असेल तर त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या लेखांशी करा. स्कोपसमध्ये विषयानुसार तोललेला एक निर्देशांक मिळतो, त्यात 1 म्हणजे जागतिक सरासरीइतका. तो निदान अन्याय थोडा कमी करतो.

जास्त सायटेशन म्हणजे चांगला पेपर ना?

बहुतेक वेळा ‘उपयोगी पडलेला’ किंवा ‘चर्चेत आलेला’ असं म्हणणं जास्त सुरक्षित. आजवर सर्वाधिक उल्लेखला गेलेला पेपर म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो 1951 चा लाउरी आणि सहकाऱ्यांचा, द्रावणातलं प्रथिन कसं मोजावं हे सांगणारा. तीन लाखांहून जास्त सायटेशन! पद्धत सांगणाऱ्या पेपरांचं असंच होतं, कारण ती पद्धत वापरणारा प्रत्येकजण त्यांचा उल्लेख करतो.

उलट टोकाला अँड्र्यू वेकफील्ड. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा, अवघ्या 12 मुलांवरचा त्यांचा पेपर 1998 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि 2010 मध्ये मागे घेतला गेला. त्याला आजही सायटेशन मिळतात, आणि त्यातली बहुतेक त्याला खोटं ठरवणारी असतात. मोजणाऱ्या यंत्राला मात्र शिवी आणि शाबासकी सारखीच.

इम्पॅक्ट फॅक्टर मोठा असलेल्या जर्नलमध्ये छापून आलं, म्हणजे माझा इम्पॅक्ट तेवढा झाला का?

नाही. इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो. त्या जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन मिळाली, एवढंच तो सांगतो, आणि सरासरी काही मोजके लेख कुठल्या कुठे ओढून नेतात. ‘लॅन्सेट’चा इम्पॅक्ट फॅक्टर 2020 साठी 79 च्या आसपास होता, 2021 साठी तो 202 वर गेला. एका वर्षात संपादक अडीचपट हुशार झाले नव्हते, कोविड आला होता. अमेरिकेतल्या कॅन्सर सोसायटीचं ‘सीए’ हे जर्नल या यादीत वर्षानुवर्षं शिखरावर असतं, कारण कर्करोगाची ताजी आकडेवारी देणारे त्याचे लेख प्रत्येकजण आपल्या पहिल्या परिच्छेदात घेतो.

आणखी एक बारकी गंमत. भागाकार करताना खाली फक्त मूळ संशोधन आणि आढावा लेख मोजले जातात, पत्रं आणि संपादकीयं मोजली जात नाहीत. पण त्या पत्रांना मिळालेली सायटेशन वर मात्र धरली जातात.

व्यक्तीचं मोल जर्नलच्या आकड्यावरून करू नये, असं सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. जगभरच्या हजारो संस्थांनी त्यावर सह्या केल्या. आपल्याकडे बायोडेटात मात्र अजून ‘एकूण इम्पॅक्ट फॅक्टर 47.3’ अशी बेरीज दिसते. या बेरजेला काहीही अर्थ नाही, ती काढून टाका.

‘पबमेडमध्ये आहे’ म्हणजे दर्जाचा शिक्का समजायचा का?

पबमेड हा वैद्यकीय लेख शोधायचा दरवाजा आहे. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा, सगळ्यांना फुकट. त्याच्या आत वेगवेगळ्या खोल्या आहेत. मेडलाइन ही निवडक जर्नलांची सूची, तिच्यात यायला जर्नलला छाननीतून जावं लागतं. पबमेड सेंट्रल हे पूर्ण मजकुराचं भांडार आहे, तिथे ज्या संशोधनाला सरकारी निधी मिळाला त्याचे लेखही येतात, मग ते जर्नल मेडलाइनमध्ये नसलं तरी. त्यामुळे एखादा लेख पबमेडमध्ये सापडला म्हणून जर्नल मेडलाइनमध्ये आहे असं होत नाही. नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्याच जर्नल यादीत नाव टाकून बघा. ‘सध्या मेडलाइनसाठी निर्देशित’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं किंवा नसतं.

प्रमोशनसाठी राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग कोणते पेपर धरतो?

2022 च्या अध्यापक पात्रता नियमांत मेडलाइन, पबमेड सेंट्रल, सायन्स सायटेशन इंडेक्स, एम्बेस, स्कोपस आणि डीओएजे या सूचींमधली जर्नल्स मान्य होती. लेखाचे प्रकारही ठरलेले होते: मूळ संशोधन, मेटा-ॲनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि केस सिरीज. तुमचं नाव पहिल्या तिघांत हवं किंवा तुम्ही पत्रव्यवहाराचे लेखक हवेत. 2025 मध्ये अध्यापकांच्या पात्रतेचे नवे नियम आले आहेत, तेव्हा फॉर्म भरण्याआधी मूळ राजपत्र वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणारा सारांश नको.

सायटेशनची अट मात्र या नियमांत नव्हती. म्हणजे ज्या आकड्यामुळे आपण रात्री जागतो, तो इथे विचारलाच जात नाही. आणि हेही बघा: बावसकरांचं 1986 चं पत्र 2022 च्या या मोजणीत शून्य धरलं गेलं असतं, कारण पत्र या प्रकाराला तिथे जागाच नाही.

लेखकांच्या यादीत चौथं नाव आहे. श्रेय किती?

वैद्यकात साधारण रीत अशी की पहिलं नाव ज्यानं प्रत्यक्ष काम केलं त्याचं, शेवटचं ज्यानं वाट दाखवली आणि जबाबदारी घेतली त्याचं. मधली नावं कशीही लागतात. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या निकषांनुसार लेखक म्हणवायला चारही गोष्टी लागतात: कल्पना, विदा (डेटा) गोळा करणं किंवा विश्लेषण यात ठोस वाटा, मसुदा लिहिणं किंवा गंभीरपणे तपासणं, अंतिम प्रतीला मंजुरी, आणि सगळ्या कामाची जबाबदारी घ्यायची तयारी. नुसतं विभागप्रमुख असणं यात बसत नाही. विभागात ‘सरांचं नाव घालायचंच असतं’ ही प्रथा किती घट्ट आहे हे मला माहीत आहे, आणि पीजीनं त्यावर भांडावं असा सल्लाही मी देणार नाही. पण पेपर पुढे वादात सापडला तर त्या नावालाही उत्तर द्यावं लागतं, एवढं सरांच्या कानावर जायला हरकत नाही.

शेकडो लेखकांच्या जागतिक प्रकल्पांचं गणित तर वेगळंच. आजारांच्या जागतिक ओझ्यावरच्या अशा काही पेपरांत नाव असेल तर एच-इंडेक्स झपाट्यानं चढतो. बायोडेटा वाचताना अशा पेपरांची रांग वेगळी काढून उरलेलं काय आहे ते बघावं.

‘आमचे डॉक्टर जगातल्या पहिल्या दोन टक्के शास्त्रज्ञांत’ ही बातमी दर सप्टेंबरच्या सुमारास येते. ती काय आहे?

स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि सहकाऱ्यांनी 2019 पासून स्कोपसच्या विदेवरून काढलेली ही यादी. स्टॅनफर्ड विद्यापीठानं दिलेला तो सन्मान नाही, प्रमाणपत्र तर मुळीच नाही. सहा मोजमापं एकत्र करून एक गुणांक काढतात. एकूण सायटेशन आणि एच-इंडेक्स यांबरोबर सहलेखकांनुसार सुधारलेला एच-इंडेक्स, आणि एकटे, पहिले किंवा शेवटचे लेखक असताना मिळालेली सायटेशन. त्यामुळे गर्दीतल्या मधल्या नावांना इथे फारसा फायदा मिळत नाही, ही चांगली बाजू. विषयवार तुलना होते हीदेखील.

यादी प्रत्यक्षात दोन असतात. एक आख्ख्या कारकिर्दीची, दुसरी केवळ एका वर्षातल्या सायटेशनची. बातमीत बहुधा दुसरी असते आणि तसं लिहिलेलं नसतं. पत्रकार मित्रांना विनंती: कोणती यादी, कोणती उपशाखा आणि स्वतःची सायटेशन वगळल्यावर क्रमांक किती, हे सगळं त्या फाइलमध्येच असतं. उघडून बघायला पाच मिनिटं लागतात. अलीकडच्या आवृत्त्यांत मागे घेतलेल्या पेपरांचीही नोंद असते.

स्वतःचे जुने पेपर उल्लेखणं चुकीचं आहे का?

नाही. एकाच प्रश्नावर वीस वर्षं काम करणारा माणूस मागच्या कामाचा उल्लेख करणारच. शंका येते ती संबंध नसलेले उल्लेख दिसले की. याहून वाईट म्हणजे पैसे घेऊन सायटेशन वाढवून देणारे. अशा मेलला उत्तरही देऊ नका.

‘डिअर एमिनंट डॉक्टर, तीन दिवसांत पेपर छापून देऊ’ असे मेल येतात. हे जर्नल खरं की खोटं?

तीन दिवसांत खरं परीक्षण होत नाही, म्हणजे प्रश्नातच उत्तर आहे. अमेरिकेतले ग्रंथपाल जेफ्री बील अशा जर्नलांची यादी चालवत, ती 2017 मध्ये बंद झाली. आपल्याकडे यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतही अशी जर्नल्स मोठ्या संख्येनं शिरल्याचं पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवलं. त्यानंतर यूजीसीची केअर ही मान्य जर्नलांची नवी यादी आली, तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. 2025 मध्ये यूजीसीनं तीही बंद केली आणि जबाबदारी संस्थांवर टाकली. तेव्हा आता ‘यूजीसी केअर लिस्टेड’ अशी जाहिरात करणारं जर्नल जुनीच पाटी मिरवत आहे. संपादक मंडळातल्या कुणाही एकाच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन त्या जर्नलचा उल्लेख आहे का बघा. जर्नलांची नक्कल करणारी बनावट संकेतस्थळंही असतात, म्हणून पत्ता मेलमधून न उघडता स्कोपस किंवा डीओएजेच्या नोंदीतून उघडा.

सायटेशनमध्ये न दिसणारा परिणाम कसा दाखवायचा?

कागदपत्रांनी. गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेचं उदाहरण घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा घरोघरी नवजात बालसेवेचा पेपर 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. 39 गावांत सेवा, 47 गावं तुलनेला, आणि नवजात मृत्युदरात 62 टक्के घट. या पेपरला सायटेशन भरपूर आहेत, पण त्याचं खरं वजन दुसरीकडे दिसतं: 2009 चं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचं संयुक्त निवेदन, आणि 2011 पासून भारत सरकारनं आशा कार्यकर्त्यांमार्फत सुरू केलेला देशव्यापी कार्यक्रम. त्याच बंगांचा 2001 चा ‘कोवळी पानगळ’ हा मराठी अहवाल महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंचा प्रश्न थेट सरकारच्या दारात घेऊन गेला. सायटेशनच्या कोणत्याही तक्त्यात त्याला जागा नाही. मराठीत लिहिलेलं जवळजवळ काहीच या मोजणीत येत नाही.

तुमच्या कामामुळे एखादी मार्गदर्शक सूचना बदलली असेल, पाठ्यपुस्तकात एक परिच्छेद आला असेल, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी परिपत्रक काढलं असेल, तर त्या पानाची प्रत जपून ठेवा. समितीपुढे तीच बोलते.

रुग्ण म्हणून डॉक्टर निवडताना एच-इंडेक्स बघू का?

नको.

माझ्या प्रोफाइलमध्ये दुसऱ्याच ‘एस. पाटील’चे पेपर येतात. काय करू?

मराठी आडनावांवर ही आपत्ती ठरलेलीच. 2002 च्या आधीच्या पबमेड नोंदींत आडनाव आणि आद्याक्षरंच असतात, त्यामुळे पाटील, कुलकर्णी, जोशी, देशमुख यांची सरमिसळ होते. लग्नानंतर नाव बदललेल्या डॉक्टरांचं मधलं अक्षर आणि आडनाव दोन्ही बदलतं, आणि यंत्राला त्या दोन वेगळ्या बाया वाटतात. बावसकर दांपत्य त्यातल्या त्यात सुदैवी: एचएस आणि पीएच ही आद्याक्षरं वेगळी आहेत आणि आडनाव विरळा. मात्र त्यांचे पेपर विंचवाच्या शास्त्रीय नावावरून शोधायला जाल तर अडखळाल. तोच लाल विंचू जुन्या लेखांत ब्युथस, मग मेसोब्युथस आणि आता हॉटेंटोटा म्हणून येतो.

उपाय असा. ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची ओळख पटवणारा) सोळा अंकी क्रमांक घ्या, तो फुकट आहे, आणि पेपर पाठवताना प्रत्येक वेळी द्या. नाव लिहायची एकच रीत ठरवा आणि लग्न झालं तरी छापील नाव बदलू नका. गुगल स्कॉलरमध्ये ‘लेख आपोआप जोडा’ ऐवजी ‘आधी मला विचारा’ ही सोय निवडा, परके लेख खूण करून काढून टाका. स्कोपसमध्ये दोन प्रोफाइल झाली असतील तर ती जोडण्याची विनंती त्यांच्याच लेखक-सुधारणा पानावरून करता येते. तिथे लॉगिन लागतं, संस्थेची वर्गणी लागत नाही.